आजीच्या गोळ्यांचा हिशेब

मध्यमवर्गीय मराठी घरात, मग ते नाशिकला असो, इंदूरला असो की बडोद्याला, देवघराच्या खालोखाल सगळ्यांचे हात ज्या वस्तूला लागतात ती म्हणजे औषधांचा डबा. बहुधा तो बिस्किटांचा किंवा दिवाळीत भेट आलेल्या सुक्या मेव्याचा रिकामा डबा असतो. त्यात काय नसते? तापाच्या उरलेल्या चार गोळ्या, बाम, बँडेजची अर्धी गुंडाळी, झाकण चिकटून बसलेली खोकल्याची बाटली, दाढ काढली तेव्हाचे दुखणे थांबवणारे औषध, कोणाला कधी दिले होते ते आता कोणालाच आठवत नाही असे एखादे अँटिबायोटिक. त्यांच्यातच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रोजच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या, झोपेच्या. यातले काही फेकून द्यायला कोणी धजावत नाही. पैसे मोजलेले असतात, आणि 'लागेल कधीतरी' हे तर आपल्या संसाराचे सूत्रच आहे. डबा फ्रिजवर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेला असतो, कारण एके काळी घरात लहान मूल होते आणि त्याचा हात तिथवर पोहोचू नये अशी काळजी घेतलेली होती. ते मूल आता साडेपाच फुटांचे झाले आहे, हे डब्याच्या बाबतीत कोणाच्या ध्यानात येत नाही.

नाशिकच्या एका घरात असाच डबा होता. वडील सातपूरच्या कारखान्यात, आई शाळेत शिक्षिका, मुलगा बारावीला, धाकटी मुलगी सातवीत आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. आजीची झोपेची गोळी सुरू झाली ती २०१४ साली, आजोबा गेले तेव्हा. दहाव्याच्या सुमारास तिचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. पंधरा दिवस संपले, गोळी संपली नाही. कोणी बंद करा म्हटले नाही आणि कोणी चालू ठेवा असेही म्हटले नाही. अशा 'पंधरा दिवसांच्या' गोळ्या आपल्याकडे किती घरांत वर्षानुवर्षे चालतात, याचा शोध घ्यायचा तर फार लांब जावे लागणार नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतर आजीच्या गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरेनाशा झाल्या. महिन्याच्या तीन पट्ट्या चोवीस-पंचवीस तारखेलाच संपू लागल्या. मुलगा हसत म्हणाला, "आई, तू घेतलेली विसरून पुन्हा घेत असशील." आजी ठामपणे नाही म्हणाली. दुसऱ्या महिन्यात तेच घडले, तेव्हा ती तितक्या ठामपणे म्हणाली नाही. शेजारच्या इमारतीत एका आजोबांना स्मृतिभ्रंश झाला होता आणि ते एकदा आपलेच घर शोधत बसस्टँडपर्यंत गेले होते, ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक होती. तिथून पुढे घराने आजीकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. तिचे एकटीने देवळात जाणे थांबले. गॅस पेटवायचा नाही असे ठरले. तिला डॉक्टरांकडे नेऊन आजची तारीख, महिना, पंतप्रधानांचे नाव विचारून झाले, कागदावर घड्याळ काढून घेतले. घड्याळ तिने व्यवस्थित काढले. 'वयोमानाप्रमाणे आहे, लक्ष ठेवा' एवढेच डॉक्टर म्हणाले. आजी मात्र तेव्हापासून गोळी घेतली की पदराला गाठ मारू लागली. सकाळी उठली की आधी ती गाठ चाचपून पाहायची.

गोळ्या घेत होता नातू.

त्याची सुरुवात अगदी साधी होती. क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी भिंतीवर क्रमवारीची यादी. (सतरा वर्षांच्या मुलांची नावे खालून वर वाचली जातील अशी यादी भिंतीवर लावण्यात कोणते शिक्षण आहे, हे क्लासवाल्यांनाच ठाऊक!) एका शनिवारी रात्री दोन वाजले तरी छाती धडधडत होती. आजीला ज्या गोळीने झोप लागते ती आपल्यालाही लागेल, एवढाच विचार. एक घेतली. झोप लागली. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग मधल्या वारीही. डिसेंबरात एकीने भागेना, तेव्हा दोन.

आपण काही चोरतो आहोत किंवा नशा करतो आहोत असे त्याला एकदाही वाटले नाही. हा मुलगा सिगारेटच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता. नाशिक जिल्ह्यातच मालेगावात 'कुत्ता गोळी' विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येत, त्या त्याने वाचल्या होत्या. ती 'कुत्ता गोळी' म्हणजे बहुतेक वेळा हीच अल्प्राझोलाम, हे मात्र त्याला माहीत नव्हते. ती गल्लीत, कागदाच्या पुडीत मिळणारी वस्तू आणि ही डॉक्टरांनी लिहून दिलेली, चकचकीत वेष्टनातली, आजीची. ज्या गोळीवर घरातल्या सर्वांत सोवळ्या बाईची रात्र जाते ती गोळी वाईट असेल असे कोणाला वाटणार? औषधांच्या गैरवापरात मुले फसतात ती इथे. दारूची बाटली हातात धरताना निदान आपण काय करतो आहोत हे कळत असते.

या गोळ्या मेंदूतली उत्तेजना शमवणारी जी व्यवस्था असते तिचा जोर वाढवतात. धडधड थांबते, स्नायू सैल होतात, झोप येते. पण काही आठवड्यांतच मेंदू या बाहेरच्या मदतीला सरावतो आणि आपले स्वतःचे काम कमी करतो. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त गोळी लागते आणि गोळी मिळाली नाही तर पूर्वी नव्हती इतकी तगमग होते. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. या औषधांच्या अमलात नव्याने वाचलेले डोक्यात नीट ठसत नाही. अभ्यास व्हावा म्हणून झोप, झोप यावी म्हणून गोळी, आणि गोळीमुळे केलेला अभ्यास पुसट. घरात विसरभोळेपणाचा आळ आजीवर होता आणि भिंतीवरच्या यादीत खाली सरकत होता नातू. दारूबरोबर किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर याच गोळ्या घेतल्या तर श्वासच मंदावतो. त्यातून जीव गेल्याची उदाहरणे जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहेत.

डब्यातून जास्त गोळ्या गेल्या तर कळेल, हे लक्षात आल्यावर मुलाने आजीच्या जुन्या चिठ्ठीचा फोनवर फोटो काढून घेतला. कोपऱ्यावरचा औषध दुकानदार त्याला लहानपणापासून ओळखत होता. आजीच्या गोळ्या न्यायला नातू येतो यात कोणाला काय गैर वाटावे? उलट कौतुकच वाटले असेल.

कायदा या बाबतीत ढिला नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल, झोल्पिडेम अशी कितीतरी औषधे 'शेड्यूल एच-वन' या यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले हे वेगळ्या वहीत लिहायचे असते आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. यांतली अनेक औषधे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही येतात. ट्रामाडॉल त्यात एप्रिल २०१८ मध्ये आले. कोडीन असलेल्या काही खोकल्याच्या औषधांवर सरकारने २०१६ मध्ये आणि पुन्हा जून २०२३ मध्ये बंदी आणली. ग्राहकालाही पट्टीवरून पुष्कळ कळू शकते. उभी लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही असे औषध. लाल अक्षरांत 'एनआरएक्स' असेल तर ते अमली पदार्थांच्या कायद्यातलेही औषध. घरातल्या डब्यातल्या पट्ट्या एकदा चष्मा लावून अशा वाचून पाहाव्यात. आपण काय काय फ्रिजवर ठेवले आहे ते कळते.

आणि ती वहीच या घराच्या उपयोगी पडली. जानेवारी २०२३ मध्ये आई थर्मामीटर आणायला दुकानात गेली, तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, "वहिनी, आजींची तब्येत बरी नाही का? गोळ्या बऱ्याच लागतात हल्ली." आईने वही दाखवायला सांगितली. आजीच्या नावापुढे दोन महिन्यांत सात नोंदी होत्या. त्यांतल्या दोन तिच्या नवऱ्याने आणलेल्या, हे तिला माहीत होते. बाकीच्या पाच? दुकानदाराचा चेहरा उतरला. आईने त्याला काही ऐकवले नाही. मागच्या कागदावर तारखा उतरवून घेतल्या आणि ती घरी आली.

त्या रात्री तिने जे केले ते बऱ्याच आयांना जमणार नाही. तिने दप्तर उपसले नाही, नवऱ्याला हाक मारली नाही. सगळे झोपल्यावर मुलाच्या टेबलाशी बसून तो कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, "या तारखा मला लागत नाहीत. तू सांग." मुलगा आधी रागावला, मग आजीवर ढकलू पाहत होता, मग गप्प झाला. शेवटी म्हणाला, "मी दोनदा बंद करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी हात कापायला लागतात."

हे वाक्य ऐकून मात्र तिला नवऱ्याला उठवावेच लागले.

वडिलांची पहिली प्रतिक्रिया कोणत्याही वडिलांची असते तीच. डबा उचलला आणि "उद्यापासून एकही गोळी नाही" म्हणून तो कचऱ्यात रिकामा करायला निघाले. आईने अडवले ते काही वैद्यकीय ज्ञानामुळे नव्हे, हात कापण्याच्या त्या वाक्यामुळे. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले, बरे झाले अडवले. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर आकडी येऊ शकते. ती उतरवायची असते हळूहळू, आठवड्यामागून आठवडे, जिन्याच्या पायऱ्या उतरावे तशी. मुलाला समोर बसवून त्यांनी धडधडीचा आणि भिंतीवरच्या यादीचा विषय आधी काढला, गोळीचा नंतर. आणि मग विचारले, "या गोळ्या मुळात कोणाच्या? कधीपासून घेतात त्या?" नऊ वर्षांचा आकडा ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. म्हाताऱ्या माणसांत या गोळीने तोल जातो, पडून हाडे मोडतात, विसरायलाही होते. "आजींनाही घेऊन या," ते म्हणाले.

आजीला सांगायचे कोणी? हे काम नातवानेच करावे असे आईने ठरवले. ते बरोबर होते का, यावर मतभेद होऊ शकतील. इतके दिवस जी बाई स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होती तिला खरे काय ते ज्याच्यामुळे घडले त्याच्याच तोंडून कळावे, असे तिचे म्हणणे. आजीने सगळे ऐकून घेतले. पहिला प्रश्न विचारला तो, "म्हणजे मी विसरत नव्हते?" तिच्या चेहऱ्यावर सुटकेसारखे काहीतरी आले. मग ते गेले आणि ती म्हणाली, "मी पदराला गाठी मारत होते, ते तू बघत होतास." पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट ठेवून आत जायची. गोळ्यांपेक्षा त्या आठ दिवसांनी तो मुलगा जास्त हादरला, असे त्याची आई सांगते.

अशी मुले किती, हा प्रश्न साहजिक आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी १.०८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख माणसे झोपेची किंवा शांत करणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेतात असे तीत आढळले. यात सगळ्या वयाची माणसे आली. पण ज्या घरात मोठी माणसे स्वतःच्या मर्जीने गोळी घेतात आणि 'ही घे, मला लागू पडली होती' म्हणून शेजारणीलाही देतात, त्या घरातले मूल औषधाबद्दल काय शिकेल? व्याख्यानांपेक्षा हे शिक्षण जास्त मुरते.

पालकांनी कशाकडे पाहायचे? दिवसा पेंग, जड जीभ, दारूचा वास नसताना झोकांड्या, पँटच्या खिशात रिकाम्या पट्ट्या, आणि महिनाअखेरीआधी संपणारे कोणाचेही औषध. यातली पेंग आणि चिडचिड तर या वयात निरोगी मुलांतही असते, म्हणून संशयाने घर पोलीस चौकी करून उपयोग नाही. गोळ्या मोजणे हाच उपाय सर्वांत साधा आणि त्यात कोणाचा अपमान नाही. एक धोका मात्र वेगळा सांगायला हवा. झोपेच्या गोळ्यांना सगळे भितात, पण तापावरच्या साध्या पॅरासिटामॉलला कोणी भीत नाही. ती जास्त प्रमाणात पोटात गेली तर पहिला दिवस जवळजवळ काहीच दिसत नाही आणि आत यकृताची हानी सुरू असते. तिच्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. मुलाने अशा गोळ्या घेतल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, रिकामी पट्टी बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ आईबाप गप्प राहतात. व्यसनात सापडलेला माणूस स्वतःहून उपचारासाठी पुढे आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या कायद्यातच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. व्यसनांसाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. पुण्यात डॉ. अनिता उर्फ सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण तर मराठी वाचकांना सांगायला नकोच.

उरलेल्या औषधांचे काय करायचे, हा प्रश्न नाशिकच्या या घरातही आला. वडिलांच्या कंबरदुखीच्या वेळच्या ट्रामाडॉलच्या सहा गोळ्या डब्याच्या तळाशी निघाल्या. सगळे विसरले होते. अशी औषधे कचऱ्यात टाकली तर ती वेचणाऱ्याच्या हाती पडतात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात १७ औषधांची यादी आहे, तीत ट्रामाडॉल आणि डायझेपाम आहेत. ही औषधे घरात ठेवण्यापेक्षा शौचकूपात टाकून पाणी सोडावे असे त्यात म्हटले आहे. बाकीची औषधे परत घेणारी व्यवस्था आपल्याकडे अजून फारशी नाही. केरळात २०२५ मध्ये कोझिकोडला ती सुरू झाली.

बिस्किटांचा डबा गेला. भांडीबाजारातून पत्र्याची छोटी कुलपाची पेटी आली, आणि किल्ली कोणाकडे ठेवायची यावर आईने फार विचार केला नाही. ती आजीच्या कमरेला गेली. आजी आणि नातू, दोघांचीही गोळी डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे एकाच वेळी उतरवणे सुरू झाले. आजीने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायला घेतले, किती दिल्या आणि किती उरल्या. मुलाने त्या वर्षी बारावी दिली. मार्क बेताचेच पडले. क्लास सुटला होता. काही रात्री दोघेही जागे असत आणि मग आजी त्याला पत्त्यांत हरवायची. डॉक्टर म्हणाले होते की तिचे थोडेफार विसरणे त्या गोळीचेही असू शकेल. ती ते मान्य करत नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी हिशेब अर्ध्या गोळीने चुकला. तेव्हा गोळ्या अर्ध्या करून देणे चालू होते. आजीने पुन्हा मोजले. आई ओट्यापाशी थांबली, वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. कोणी काही बोलले नाही. मुलगा दाराशी उभा होता, त्याच्याकडे कोणी पाहिलेही नाही आणि हे त्याला कळत होते. आजी म्हणाली, "अरे, बॅटरी आण." तो पालथा पडून पलंगाखाली शिरला. ट्रंकेच्या पायाशी, केसांच्या गुंतवळात अर्धी गोळी होती. आजीने ती तळहातावर घेऊन पाहिली, टाकून द्यायला सुनेकडे दिली आणि त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिले, 'अर्धी, पलंगाखाली सापडली.'